सोबत वर्गाचा फोटो

बोईसर,
१० नोव्हेंबर २०२४

अहो सर,

पत्र बघून दचकू नका. कुणी गेलेलं नाही, मी आजारी नाही आणि माफीबिफी मागायला तर मुळीच लिहीत नाही. काम आहे म्हणून लिहिते. फोनच करणार होते, पण तुमचा तो डबा फोन कायम बंद. आणि चालू असला तरी आपण दोघं फोनवर भांडल्याशिवाय ‘हॅलो’च्या पुढे कधी गेलोय? शैलेश रोज घिवलीहून रिक्षा घेऊन बोईसरला येतोच. काकांना एवढं पाकीट दे म्हटलं की देईल. पुतण्या तुमचा असला तरी माझ्या हातची कोलंबीची खिचडी खाऊन वाढलाय.

तर काम असं. आपल्या खालच्या मजल्यावर स्वरा म्हणून मुलगी राहते. माहेर, सासर दोन्ही बीडकडचं. नवरा-बायको दोघंही एमआयडीसीत, ती औषधांच्या कंपनीत पॅकिंगला. जानेवारीअखेर त्यांच्या कंपनीत परीक्षा आहे. पास होईल ती लाइन लीडर होणार, म्हणजे उभं राहून डबे भरायचे नाहीत, बाकीच्यांकडून भरून घ्यायचे. पेपर सगळा मशीनवर आणि भिंतींवर लिहिलेल्या इंग्रजी सूचनांचा. टोपी घातली गेली पाहिजे, झडप उघडली जाऊ नये, असल्या. सरळ वाक्य देतात आणि ते उलटं फिरवायला सांगतात. पोरगी जिन्यात बसून रडत होती. मी बोलून गेले, “अगं रडतेस काय, आमच्याकडे इंग्रजीचे सर आहेत.”

‘आहेत’ म्हटलं. ‘होते’ म्हणायला जीभ वळेना.

झालं! दुसऱ्या दिवशी सहाजणी दारात हजर. सर कुठंयत? म्हटलं, सर गावी घिवलीला गेलेत, घराची कौलं चाळायला. तोवर मी बघते. खोटं काय त्यात? मागच्या वर्षी मे महिन्यात आठ दिवसांसाठी म्हणून तुम्ही कौलं चाळायलाच गेलात ना? दोन पावसाळे उलटले. एवढं चाळून एव्हाना कौलांचं पीठ झालं असेल. तुम्हाला सेवानिवृत्तीनंतर समुद्राचा वारा हवा होता, मला माझं हे तिसऱ्या मजल्यावरचं घर सोडायचं नव्हतं. तुम्ही म्हणालात, तो जिना मी पुन्हा चढणार नाही. मी म्हटलं, घिवलीत मी पाऊल टाकणार नाही. दोघंही शब्दाला जागलो, अभिनंदन.

मी दहावी, तेही चिंचणीच्या शाळेतली. मला शिकवता येईल असा एक धडा लिहून पाठवा. मस्ट, कॅन, शुड, मे यांच्यासकट. एवढंच काम. बाकी काही नाही.

आणि हो, हे पत्र लाल करून परत पाठवू नका. आपलं लग्न ठरल्यावर मी तुम्हाला पहिलं पत्र इंग्रजीतून लिहिलं होतं, छाप पाडायला. ते परत आलं लाल शाईने भरून. खाली शेरा, ‘प्रयत्न चांगला, दहापैकी चार.’ बाबा म्हणाले, मोडून टाक हे लग्न. मी म्हटलं, आधी दहा मिळवते, मग मोडते. अजून मिळाले नाहीत म्हणून टिकलंय.

प्रेमला


बोईसर,
१८ नोव्हेंबर २०२४

अहो सर,

धडा पोचला. पत्रही पोचलं, लाल होऊन. साधं मराठी पत्र हो माझं, त्यातही तुम्ही खुणा केल्यात! पण मास्तर, म्हातारे झालात. अर्ध्या रेघा माझ्या अक्षरांखाली नाहीतच, दोन ओळींच्या मधल्या कोऱ्या जागेत आहेत. जिथे मी काही लिहिलंच नाही तिथेही चुका काढायला लागलात की काय?

धडा मात्र लाख मोलाचा. आधी मस्ट-शुड-कॅन-मे पैकी एक, मग ‘बी’, मग क्रियापदाचं तिसरं रूप. मी तो माझ्या पद्धतीने शिकवला. म्हटलं, बायांनो, मस्ट म्हणजे माझ्या सासूबाई. बोलल्या की बोलल्या. शुड म्हणजे शेजारीण, ऐकलं तर आपलंच बरं, नाही ऐकलं तर पुढच्या वेळी टोमणा. कॅन म्हणजे अंगात धमक. आणि मे म्हणजे नवी सून, पदर सावरून विचारणारी. एकदम कळलं सगळ्यांना. सासवा सगळ्यांनाच आहेत.

अडतंय ते रत्नाबाईंचं. त्या वयाने सगळ्यांत मोठ्या, नगर जिल्ह्यातल्या, नवरा गेल्यावर इथे आल्या. ‘बी’ हटकून गाळतात. ‘द कॅप मस्ट वॉर्न.’ मी म्हटलं, रत्नाबाई, ‘बी’ राहिला. तर म्हणतात, “ताई, एवढासा तो. न्हाई म्हटलं तर टोपी काय डोक्यावर चढायची न्हाई का?” तुम्ही काय उत्तर दिलं असतंत ते लिहा.

एक गोष्ट मात्र तुमच्या या व्याकरणाची मला फार ओळखीची वाटली. त्यात काम होतं आणि करणारं माणूस दिसतच नाही. चहा केला जातो. शर्ट इस्त्री केला जातो. पाहुण्यांना वाढलं जातं. कोण करतं? ते लिहायची गरज नाही, असं तुम्हीच धड्यात लिहिलंय. अहो, आपलं सगळं लग्न या एका धड्यात बसलं की! बायका इतक्या हसल्या की खालून स्वराचा नवरा बघायला आला.

शैलेशला विचारलं, काका कसे आहेत? म्हणाला, “बरे हायत काकी. ओट्यावर बसतात, रेडिओ ऐकतात.” पेपर घेत नाहीत म्हणाला. बंद केलात? पेपराशिवाय चहा न पिणारे तुम्ही. हल्ली त्यात वाचण्यासारखं काही नसतं, असं इथे असतानाच म्हणायला लागला होतात म्हणा.

ओल्या बोंबलांची पिशवी पाठवलीत, ती मिळाली. मी काही मागितले नव्हते. चांगले होते.

प्रेमला


बोईसर,
२ डिसेंबर २०२४

अहो,

या वेळचा धडा किंजलच्या अक्षरात. शैलेशच्या बायकोचं अक्षर मला ठाऊक आहे, गोल गोल, वाटाण्यासारखं. तुम्ही लिहिलंय, म्हणजे तिने लिहिलंय, की मनगट लचकलंय. आणि माझं पत्र जसंच्या तसं परत आलं, एकही लाल खूण नाही. मनगट दुखत असताना एवढा संयम तुमच्याच्याने व्हायचा नाही, तरी मी तुमचा शब्द मानते. हळद-तुरटीचा लेप लावा. तो गरम लावायचा, तुमच्यासारखा गार करून नाही.

धड्यातलं ते शेवटचं प्रकरण अवघड आहे. शुड हॅव बीन. जे व्हायला हवं होतं आणि झालं नाही, त्याच्यासाठी. ‘द लाइट्स शुड हॅव बीन स्विच्ड ऑफ.’ आता गेले ते गेले, वीज जळून गेली. स्वरा म्हणाली, “काकू, हे तर लईच वाईट व्याकरण हाय. झाल्यावर सांगून उपयोग काय?” मला हसू आलं, आणि मग नाही आलं.

तुम्हाला आठवतं, लग्नानंतर आपण पास्थळला भाड्याच्या खोलीत होतो? तुम्ही तारापूरच्या शाळेत नवे, पगार नवा, खोलीला खिडकी एकच. रविवारी मला सायकलवर बसवून नवापूरच्या किनाऱ्यावर नेत होतात आणि समोर दिसेल त्याचं इंग्रजी करून घेत होतात. बोट ओढली जाऊ शकते. जाळं सुकवलं गेलं पाहिजे. मासळीवाल्या बायका थांबून ऐकायच्या. एकीने विचारलं, “काय वो, नवरी मुकी हाय का, बोलायला शिकवताव?” तुम्ही इतके लाजलात की परतताना सायकल वाळूत घातलीत. त्या दिवशी मी पहिल्यांदा आपणहून एक वाक्य केलं होतं. ‘द सी कॅन बी हर्ड फ्रॉम आवर रूम.’ खोटं वाक्य होतं, खोलीतून समुद्र नाही, पीठगिरणी ऐकू यायची. पण तुम्ही चूक काढली नाहीत. सबंध आयुष्यात एवढं एकच वाक्य असेल.

मला ते दिवस फार आठवतात. लिहायचं नव्हतं, लिहून झालं.

वर्ग रोज संध्याकाळी भरतो, शिफ्ट सुटल्यावर. मी तुमच्या खुर्चीत बसते. नाही आवडलं ना? सोबत वर्गाचा फोटो पाठवते आहे. स्वराच्या नवऱ्याने मोबाइलवर काढला, मी नाक्यावरच्या स्टुडिओत छापून घेतला. मधली मी, हे काही सांगायला नको. माझ्या डाव्या हाताला हसतेय ती स्वरा, आणि नवरा गेला तरी अंगठ्याएवढं कुंकू लावणाऱ्या त्या रत्नाबाई. बघा आणि सांगा, वर्ग शोभतो का.

कौलं झाली असतील तर, एवढंच म्हणते.

प्रेमला


बोईसर,
११ डिसेंबर २०२४

अहो,

तुमचं पत्र, किंजलच्या अक्षरातलं का होईना, मी दोनदा वाचलं. ‘फोटो फार छान आला आहे. सगळ्याजणी हुशार दिसतात. तू मात्र वाळलीस. जेवत जा.’

इतक्या वर्षांत तुम्ही माझ्याकडे बघून काही बोललात असं मला आठवत नाही. साडी नवी असो, केस पिकलेले असोत. आणि आता फोटोतून दिसलं तुम्हाला मी वाळले ते! खोटं कशाला बोलू, मी उठून आरशात जाऊन आले. वाळलेय थोडी. एकटीसाठी काय रांधायचं? संध्याकाळी बायकांना वाचून दाखवलं, ‘सगळ्याजणी हुशार दिसतात.’ रत्नाबाई तर एवढ्या फुलल्या की त्यांनी तीन वाक्यांत ‘बी’ जागच्या जागी घातला.

आज उकडहंडी लावलीय, तुम्हाला आवडते तशी, कंद आणि वालाच्या शेंगा जास्त घालून. शैलेशबरोबर डबा पाठवते. तुम्ही इथे येऊन खाल्लीत तर जास्त गरम मिळेल, पण ते तुमचं तुम्ही

दाराची बेल वाजली, सोसायटीचा सेक्रेटरी आलाय. थांबा.


१२ डिसेंबर

कालचं पत्र तिथेच राहिलं. पुढे लिहिते.

आपल्या बाथरूमच्या भिंतीला वरच्या मजल्यावरून ओल येते, तुम्हाला ठाऊक आहे. सोसायटीला तक्रार द्यायची म्हणून मी त्या भिंतीचाही फोटो काढून वर्गाच्या फोटोबरोबरच छापून घेतला होता. एकाच आकाराचे दोन. काल सेक्रेटरी पाकीट घेऊन आला आणि म्हणाला, “काकू, गळतीच्या अर्जाला तुम्ही या बायकांचा फोटो जोडलाय.”

त्याच्या हातात आमच्या वर्गाचा फोटो होता. मधे मी, डाव्या हाताला स्वरा, रत्नाबाईंचं कुंकू.

म्हणजे तुमच्याकडे भिंत आली. पोपडे सुटलेली, काळी पडलेली, ओली भिंत. आणि तुम्ही लिहिलंत, सगळ्याजणी हुशार दिसतात.

मी आधी हसले. सेक्रेटरीसमोर खूप हसले. तो गेल्यावर मी तुमच्या खुर्चीत बसले आणि मग एकेक गोष्ट समोर यायला लागली. इथे असताना तुम्ही चहा बशीच्या बाहेर ओतलात आणि मी ओरडले होते. बोईसरच्या रस्त्यावरचे दिवे डोळ्यांत घुसतात म्हणून संध्याकाळी खाली उतरायचं बंद केलंत. जिन्यात दोनदा धडपडलात आणि बांधणाऱ्याला शिव्या दिल्यात. पेपरात काही नसतं म्हणालात. लाल रेघा कोऱ्या जागेत. मनगट.

हे पत्र कोण वाचतंय? किंजल, तूच ना? ओट्यावर बसून मोठ्याने वाचतेस ना गं? मग तो पास्थळचा, सायकलचा मजकूरही तूच वाचलास. वाचलास तर वाचलास. आता हेही वाच, आणि आवाज चढवून वाच. काकांना सांग, त्यांच्या शेवटच्या धड्यातलं एक वाक्य मला न चुकता करता आलंय. आय शुड हॅव बीन टोल्ड. मला सांगायला हवं होतं. कुणी सांगायचं होतं तेही मी लिहू शकते, या वेळी नाव गाळणार नाही. तुम्ही. कृष्णकांत, तुम्ही.

उकडहंडी खराब झाली. मी काल जेवले नाही. वाळले म्हणालात ना, आता खरंच वाळेन.

प्रेमला


बोईसर,
२३ डिसेंबर २०२४

अहो,

मी येऊन गेले तेव्हा समोरासमोर आपण शेवटी भांडलोच, म्हणून पुन्हा कागद घेतला. किंजल, वाच बाई. तू त्या दिवशी सुकलेले बोंबील काढायला मागे गेली होतीस, तर आधी तुलाच सांगते काय झालं ते. म्हणजे काकांनाही कळेल की मी काही विसरलेले नाही.

शैलेशच्या रिक्षातून उतरले. घिवलीत पाऊल टाकणार नाही म्हटलं होतं, टाकलं. हे ओट्यावर बसलेले, रेडिओ मांडीवर. माझी चाहूल लागली तशी म्हणाले, “किंजल, वेळ झाली का गं?” आणि मान मागे टाकून चेहरा वर केला. मला काही कळेना. मग पाटावर औषधाची बाटली दिसली, डोळ्यांत घालायची. बाटली घेतली, पापणी वर धरली, एक थेंब एका डोळ्यात, एक दुसऱ्यात. आयुष्यभर आमची प्रत्येक चूक शोधणारे ते डोळे, माझ्याकडे बघत होते आणि मी त्यांना दिसत नव्हते. हे म्हणाले, “आज बांगड्या वेगळ्या कशा वाजतायत गं तुझ्या?”

दुसरा थेंब गालावर ओघळला, तो मी पदराने पुसला.

यांनी तो पदर चिमटीत धरून पाहिला आणि म्हणाले, “जेवून आलीस का?”

बस. एवढंच बोलले. पुढे तू आलीस आणि सगळं सांगितलंस. “काकी, काचबिंदू हाय. पालघरच्या डॉक्टरनी सांगितला, गेला तो परत येनार नाय, उरला तो थेंब टाकून सांभालायचा. उजव्यानी कायच दिसत नाय, डाव्यानी जरा जरा. आमाला काकांनी शपथ घातलेली, काय करनार आमी? फोटो तर मला दाखवलापन नाय, पाकिटातून काढून तसाच खिशात ठेवला.” तुझ्यावर राग नाही गं. तू त्यांना वेळेवर औषध घातलंस. तुझे उपकार आहेत.

आता तुमच्याशी. तुम्ही म्हणालात, “तिकडे मला जिना उतरायला माणूस लागेल, रस्ता ओलांडायला माणूस लागेल. इथे विहीर कुठे, ताड कुठे, कुंपणाची काटेरी बाजू कुठली, सगळं माझ्या पायांना पाठ आहे. डोळे जाणार हे कळलं तेव्हाच ठरवलं, जिथे लहानपणी डोळे मिटून पळायचो तिथे राहायचं. तुला सांगितलं असतं तर तू घर सोडून माझ्यामागे आली असतीस. ते घर तुझं किती वर्षांचं स्वप्न होतं, मला माहीत नाही?”

आणि मी म्हटलं, तुम्ही आडमुठे आहात. तुम्ही म्हणालात, तू तापट आहेस. मग रिक्षा सुटायची वेळ झाली.

अहो, मी दोन पावसाळे रागावर काढले. सकाळी उठायचं आणि म्हणायचं, बसा तिकडे समुद्र बघत. आणि तुम्ही समुद्र बघतही नव्हतात! तो राग आता मी कुठे ठेवू? मला तुमची दया बिलकुल येत नाही, तशी भीती असेल तर काढून टाका. मला तुम्ही घरी हवे आहात. आपल्या घरी, माझ्याबरोबर. एवढं सरळ मी कधी बोलले नाही, म्हणून किंजलकरवी बोलते. किंजल, लाजू नकोस, वाच.

येणार नसाल तर तूर्त असं करते. दर रविवारी वर्ग घिवलीला आणते. शैलेशची रिक्षा आणि वर आणखी एक. परीक्षेला महिना राहिलाय आणि मला ते शुड हॅव बीन शिकवता येत नाही. शिकवायला डोळे लागत नाहीत, तुम्हीच मुलांना म्हणायचात, पुस्तक मिटा आणि बोला. बायका येताना आपापले डबे आणतील. तुम्ही फक्त ओट्यावर बसायचं आहे.

वर्गाचा खरा फोटो तुमच्या हातात ठेवून आले होते. पहिला, भिंतीचा, टाकून द्या.

प्रेमला


बोईसर,
११ फेब्रुवारी २०२५

अहो,

निकाल लागला. स्वरा पास, पहिली आली. तोंडी परीक्षेत साहेबाने विचारलं, एवढं कुठे शिकलीस? म्हणाली, घिवलीला, ताडाखाली. रत्नाबाई थोडक्यात राहिल्या. लेखीत पुन्हा दोन ठिकाणी ‘बी’ गाळला. मला वाटलं रडतील, तर म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या ताई, फुडल्या वर्षी परत बसते. त्या निमतानं सरांचा ओटा तरी सुटायचा न्हाई.” तुम्ही त्यांना सगळ्यांत जास्त ओरडलात आणि त्यांनाच तुम्ही सगळ्यांत जास्त आवडता. मला हे कोडं माझ्या लग्नापासून आहे.

त्या रविवारांनी मला काय दिलं ते सांगू का? तुम्ही तोंड समुद्राकडे करून बसायचात, बायका एकेक वाक्य म्हणायच्या आणि तुम्ही नुसत्या आवाजावरून, “स्वरा, बरोबर. रत्नाबाई, काय राहिलं?” मी मागे उभी राहून चहा गाळायचे. आणि तुम्ही तेव्हा पास्थळच्या खोलीतले होतात. अगदी तेच, सायकल वाळूत घालणारे.

आता परवाच्या रविवारचं बोलते. आपण बोललो, पण अर्धंच. तुम्ही सदरा बदललात आणि जुना मला धुवायला दिलात. मी सवयीने खिसा तपासला. खिशात फोटो. म्हटलं, वर्गाचा असेल, बायकांना दाखवावा. काढला तर भिंत. आपली बाथरूमची ओली भिंत, कडा झिजलेली, मधून दुमडून मऊ झालेली. वर्गाचा फोटो आत फळीवर कोराकरकरीत ठेवलेला.

मी म्हटलं, “अहो, हा टाका म्हणून लिहिलं होतं ना? चुकून आलेला तो. ही नुसती भिंत आहे.”

तुम्ही हात पुढे केलात. म्हणालात, “माहीत आहे. तुझं पत्र किंजलनं वाचलं तेव्हाच कळलं. भिंत तर भिंत. आपल्या घरची आहे ना?”

आणि तो घेऊन नव्या सदऱ्याच्या खिशात ठेवलात.

बायका बघत होत्या म्हणून मी सदरा भिजवायला निघून गेले. सगळा रस्ता रिक्षात तोंड फिरवून बसले. तुम्हाला घिवलीतच बरं वाटतं, पायांना सगळं पाठ आहे, असं सांगत होतात मला. आणि खिशात काय घेऊन फिरत होतात!

तर आता ऐका. मी नवापूरला गेले होते, रामनाथ तांडेलांकडे, ज्यांच्या होडीवरून तुम्ही मला जाळ्याचं इंग्रजी शिकवलं होतं. ते गेले, त्यांचा मुलगा आहे. त्याला म्हटलं, मला जिन्याला दोर बांधून दे. त्याने विचारलं, कशाला काकी? सांगितलं. तो होडीवरचा जाड दोर घेऊन आला आणि खालपासून तिसऱ्या मजल्यापर्यंत कठड्याला ताणून बांधून गेला. अंधारात होडीवर काम करताना ते दोराला गाठी मारतात ना, हाताला कळावं म्हणून? तसंच केलंय. पहिल्या मजल्याच्या वळणावर एक गाठ, दुसऱ्याच्या दोन, आपल्या दाराशी तीन. स्वराने डोळ्यांवर ओढणी बांधून चढून पाहिलं, न अडखळता दारात आली. तुमच्या पायांना घिवली पाठ आहे, हाताला हा जिना आठ दिवसांत पाठ होईल. मे आला की दोघं मिळून तिकडे जाऊ, कौलं चाळायला. खरोखरीची. पावसाळ्याआधी परत येऊ, हे आत्ताच कबूल करून टाका.

परीक्षेतल्या सूचनेसारखं लिहायचं तर लिहिता येईल, ‘द रोप मस्ट बी हेल्ड.’ कुणी बांधला ते त्यात येत नाही. मी बांधून घेतला, मी. तुमच्यासाठी. हे वाक्य मी उलटं फिरवणार नाही.

सोसायटीने गळती मान्य केलीय. काल गवंडी आला होता, भिंत खरवडून नवं प्लास्टर करायला. मी त्याला परत पाठवलं. म्हटलं, सोमवारी ये. आधी घरच्या माणसाला तिच्यावर हात ठेवू दे.

शुक्रवारी सकाळी शैलेश तुम्हाला घेऊन येईल. किंजल, काकांचे दोन सदरे, औषधाची बाटली आणि लाल पेन बांधून ठेव. ते नाही म्हणाले तर हे पत्र पुन्हा पहिल्यापासून वाच.

मी खाली दोराच्या टोकाशी उभी असेन.

प्रेमला